नडगीतला गंज

सदलग्याच्या माळावर गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मोडक्या हाडांत सळ्या घातलेली माणसं कुबड्या टेकत, रिक्षातून, पोरांच्या पाठीवरून आली होती. लोहहारी महाराज गरजत होते, "डॉक्टर लोखंड घालतो, मी काढतो! चाकू न्हाय, टाका न्हाय!"

वडगावची बायाक्का सुनेला, राजेश्वरीला, धरून पुढं सरकली. स्कूटरवरून पडून राजेश्वरीची नडगी मोडली होती. ऑपरेशन करून रॉड घातला, पण दोन महिन्यांनी जखम वाहू लागली. महाराजांकडचा हा तिसरा गुरुवार. त्यांच्या सांगण्यावरून बायाक्कानंच गोळ्या बंद केल्या होत्या.

महाराजांनी नडगीला ओलं फडकं गुंडाळलं, वर तांब्यातलं तीर्थ ओतलं. काळंशार पाणी ओघळलं.

"बघा, गंज! आणखी पाच गुरुवार, रॉड विरघळला!"

लोकांनी हात जोडले. राजेश्वरी तापानं फणफणली होती. "आत्ती, लई ठणकतंय," ती सासूच्या कानाशी पुटपुटली.

पाय पुसताना बायाक्काची बोटं काळी झाली. चोळली तरी रंग जाईना. हा काळा तिच्या ओळखीचा होता. तिचा नवरा सूत रंगवायचा. हिरड्याच्या काढ्यात भिजलेलं सूत हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवलं की असंच काळं व्हायचं. वीस वर्षं तिनंच ते ढवळलं होतं. म्हणजे फडक्यात हिरडा, तांब्यात हिराकस!

थाळीतलं दुसरं ओलं फडकं उचलून तिनं स्वतःच्या पायाला गुंडाळलं आणि तांब्या ओतला. काळं पाणी वाहिलं.

"माझ्या पायात रॉड न्हाय, महाराज. मग ह्यो गंज कुठला?"

"तो पापाचा गंज!"

तिनं तेच फडकं मांडवाच्या खांबाला गुंडाळून उरलेलं तीर्थ ओतलं. खांबही काळा ओघळला. "ह्या खांबानं काय पाप केलं वो?"

कुणीतरी हसलं. बायाक्का हसली नाही. तिनं सुनेला घेऊन तिथूनच बेळगावचा दवाखाना गाठला.

"रॉडवर जंतूंचा थर बसलाय," डॉक्टर सौम्या म्हणाल्या. "गोळ्यांचं औषध तिथं पुरतं पोचत नाही, म्हणून लगेच यायला हवं होतं. मधल्या दिवसांत हाड कुजलंय."

रॉड काढला, कुजकं हाड खरवडलं. कित्येक महिन्यांनी नवा रॉड बसवला. त्याच्यावर जंतू मारणाऱ्या औषधाचा लेप होता, शिवाय हाडातल्याच क्षाराचा थर, म्हणजे हाड त्याला धरून वाढावं.

"आता भ्याव न्हाय न्हवं?" बायाक्कानं विचारलं.

"धोका कमी होतो, संपत नाही. लेपातलं औषध काही आठवडेच टिकतं."

पाय वाचला, पण बोटभर आखूड झाला. सून लंगडत पाण्याला निघाली की बायाक्का तिच्या हातातली घागर काढून घेते.

परवा शेजारची मालुबाई नवऱ्याला घेऊन सदलग्याला निघाली होती. त्याच्याही मांडीच्या हाडाला लोखंडी पट्टी आहे. बायाक्कानं तिला अडवलं, तर ती म्हणाली, "तुझ्या सुनेचा लेपाचा रॉड तरी चमत्कारच की गं!"

"न्हाय. त्यात काय हाय, किती दिवस चालतंय, कुठं कमी पडतंय, समदं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तू महाराजाला तांब्यात काय हाय ते इचार. मी तीन गुरुवार इचारलं न्हाय."