पोतं नव्हतं म्हणून

सलूनवाल्याला तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला आणि बोलायला जन्मभराचा विषय मिळाला. गिऱ्हाईक फेसाने माखलेलं, गळ्याशी वस्तरा. बिचारं पळणार कुठे? "छातीवर कुणीतरी धान्याचं पोतं टाकलंय असं वाटलं बघा!" तो सांगायचा. मग डावा हात, मग दरदरून घाम, मग धाडकन जमिनीवर. मागे टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या बायकोला हे सगळं तोंडपाठ. तो काही विसरला तर ती मागून म्हणायची, "अहो, घाम राहिला." गिऱ्हाइकं हसायची.

थोडक्यात, अटॅक कसा असतो हे त्या घरात दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. घोटाळा झाला तो तिथेच.

मंगळवारी टॉवेल पिळताना तिचा जबडा ठणकायला लागला. दोन्हीकडून, नेमका दात कुठला ते सांगता येईना. संध्याकाळी खांद्यांच्या मधोमध पाठीत कळ भरली, मळमळायला लागलं. बुधवारी नळापासून दोरीपर्यंत बादली नेताना तिला दोनदा टेकावं लागलं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती स्वतःवरच चिडली. मनात एकदा आलंच, तसलं काही नसेल ना? तिने लगेच ताडून पाहिलं. पोतं नाही. डावा हात ठणठणीत. घाम होता, पण जरासा, गार. विषय मिटला.

गुरुवारी सकाळी मात्र राहवेना, तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं. तो अर्धी दाढी सोडून आला, हे खरं; बायकोवर जीव होता त्याचा.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"पोतं ठेवल्यासारखं?"

"नाही हो."

"मग काही नाही. अगं, मी त्यातून गेलोय, मला विचार! पित्त झालंय. गोळी घेऊन ये जा."

तिला हायसं वाटलं. नवऱ्याचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. आता याला काय म्हणावं!

औषधाचं दुकान तिथून चौथं. तेवढ्या वाटेत ती दोनदा भिंतीला धरून उभी राहिली. औषधवाली बाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होती. तिने गोळी काढलीच नाही, स्टूल पुढे सरकवलं.

"बसा आधी. चार दुकानं चालून एवढी धाप? आणखी काय होतंय?"

बायकोने सांगितलं. वर घाईघाईने म्हणाली, "पण छातीत नाही दुखत. ह्यांना अटॅक आला होता ना, मला माहितीय तो कसा असतो."

"त्यांचा माहितीय तुम्हाला. छातीत दुखतं पुष्कळांना, बायकांनासुद्धा. पण बायकांना कधीकधी असंच येतं, जबडा, पाठ, मळमळ, दम. पुरुषांनाही येऊ शकतं. गोळी मिळायची नाही." तिने अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर फिरवलासुद्धा.

"अहो, ह्यांना विचारून तरी येते."

"त्यांना मागाहून विचारा. जीव राहिला तर."

दुपारी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सलूनवाल्याला बाहेर बोलावलं. अटॅकच होता, बहुधा मंगळवारपासूनचा. बाई वाचल्या, पण उशीर झाल्यामुळे हृदयाचा काही भाग निकामी झाला, आता जपून राहावं लागेल.

"तेवढा भाग भरून येईल ना?" त्याने विचारलं.

"नाही."

तो बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि ती कुणापाशी बोलावी हे कळत नव्हतं.

संध्याकाळी दीर-जाऊ धावत आले. "दादा, वहिनीला झालं काय?" सवयीने दोघं त्याच्याच तोंडाकडे बघायला लागले.

"तिला विचारा," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं तिने. मी म्हटलं, पित्त आहे."

 मग तिने पडल्या पडल्या हळूहळू मंगळवारपासून सांगायला घेतलं, आणि तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत राहिला.