सरकत्या दाराची कडी

घर पोरीच्या चाकाच्या खुर्चीजोगं करून घेतलं त्याला तीन महिने झाले होते, पण येईल त्याला ते दाखवायची बापाची हौस काही फिटत नव्हती. आज मेहुणा तावडीत सापडला होता. दारापुढचा उतार, खाली आणलेली दिव्यांची बटणं, रुंद केलेल्या चौकटी, सगळं दाखवून झालं.

"आणि बाथरूमला सरकतं दार, भिंतीला दांडे. पोरगी आता सगळं आपलं आपण करते. इतकी खूश असते, की आत गेली की गाणं सुरू! बाहेर येईपर्यंत थांबत नाही."

"आमच्याकडे बाथरूमवरून भांडणं सुरू होतात, दाजी," मेहुणा हसत म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दार सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बसलेल्या घशातून फुटलेला चिरका शब्द, "मामा!"

मेहुणा परत आला तो पांढराफटक पडून. "ती आत होती हो. गाणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मला वाटलं..." चहा न घेताच तो निघून गेला.

थोड्या वेळाने ओल्या केसांनी पोरगी खुर्ची ढकलत बाहेर आली. गोंधळलेल्या बापाच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मग गात का नव्हतीस?"

"घसा बसलाय, बाबा." ती त्याच्याकडे बघत राहिली. "मी हौसेने गाते असं वाटलं तुला? दाराला कडी नाही. कोणी आत येऊ नये म्हणून बोंबलते मी."

कडी राहून गेली नव्हती. कुठे बसवू, असं सुताराने विचारलं होतं. "नकोच," बाप म्हणाला होता, "आत पडलीबिडली तर?" नंतर पोरीनेही दोनदा मागितली, तेव्हा "घरात परकं कोण आहे?" म्हणून त्याने विषय उडवला होता. पंधरा वर्षांच्या पोरीला! वर ते गाण्याचं कौतुक त्याने ऑफिसात, शेजारी, जमेल तिथे सांगितलं होतं. तिच्यासमोर सांगितलं, की ती मान खाली घालायची. लाजते, असं वाटायचं त्याला.

तो तसाच उठून हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"हात कुठवर पोचतो बघ," परत आल्यावर तो म्हणाला. तिने पेन्सिल घेऊन दारावर स्वतःच खूण केली. तो स्क्रू पिळायला लागला. तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"अडचणीला ही बाहेरून उघडता येते. एक किल्ली आहे. नको असेल तर साधी आणतो बदलून."

तिने विचार केला. "किल्ली कोणाकडे राहणार?"

"माझ्याक..." तो थांबला. "आईकडे," तो म्हणाला.

"चालेल." तिने हात पुढे केला. "दे इकडे. आई आली की मीच देते तिला."