बिघडण्यासारखं काही नसलेली

मी एक काळी सायकल आहे. मला गिअर नाहीत. ब्रेक सळ्यांचे, साखळीवर पूर्ण पत्रा, टायर जाड. धामणगाव बढे गावातल्या सायकलच्या दुकानात मी दोन वर्षं मागच्या भिंतीला उभी होते. गिऱ्हाइकं मला टेकून दुसऱ्या सायकली बघत.

एक दिवस धम्मशीलाताई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, नव्यानेच आरोग्यसेविका झालेल्या. नेमणुकीचं गाव सात किलोमीटर आत. एसटी आली तर येते. सोबत भाऊ देवानंद. त्याने निळी, गिअरवाली दाखवली.

ताईंनी दुकानदाराला एकच विचारलं, "याच्यात बिघडासारखं काय काय हाय?"

तो बोटं मोजू लागला. गिअर, केबल, शॉकअप, डिस्क. मग माझ्याकडे बघून त्याने बराच विचार केला. "इच्यात काही नाही."

"मंग हेच द्या."

माझी एवढी स्तुती आधी कुणी केली नव्हती.

महिनाभर मी खरंच बिघडले नाही. मग लसीकरणाचा दिवस आला. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. शेवटचे दोन किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल भरत गेला आणि मी थांबले. तसं पाहिलं तर माझ्यात काहीच बिघडलं नव्हतं.

गावात गीताबाई नातीला घेऊन अंगणवाडीत बसल्या होत्या. आधी दोनदा लस न मिळता परत गेलेल्या. तिसऱ्यांदा मजुरी बुडवली, आता चौथ्यांदा येणार नाही, असा निरोप त्यांनी ताईंना धाडला होता.

ताईंनी काडीने चिखल काढला. दहा पावलांवर तो पुन्हा भरला. मग त्यांनी मला बांधावर आडवं केलं, लसींचा डबा खांद्याला लावला, चपला हातात घेतल्या आणि निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारी ताई आणि गीताबाई सोबतच माझ्यापाशी आल्या. नात रडून कडेवर झोपलेली.

"उठून चालल्या होत्या ना तुमी?" ताईंनी विचारलं.

"हाव. पाय बाहीर टाकला होता. तं तुमी दिसल्या, गुडघ्यालोक चिखल. मंग कशी जाऊ?"

गीताबाई मला न्याहाळत राहिल्या. "हे चाकावरचे पत्रे कायले लावले वो?"

"चिखल उडू नये म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी देवानंदने दोन्ही मडगार्ड काढले.

आता माझं चौथं वर्ष चालू आहे. पावसाळाभर ताईंच्या पाठीवर चिखलाचा पट्टा असतो. गीताबाई दारात पाण्याची बादली भरून ठेवतात.

तुम्हाला सायकल घ्यायची असेल, तर रंग बघा, गिअर बघा, भावाचंही ऐका. फक्त दुकानात जायच्या आधी एकदा आपला रस्ता पायी चालून या. चाकं थांबल्यावर आपण कुठवर जाणार, हे तिथेच कळतं. माझं काम चाकं थांबतात तिथवरचंच आहे.