न डोललेली मान

सुताराला ऐकू येत नव्हतं, पण तुरुंगात सगळे त्याला माजोरडा समजत. आत येतानाच दारावर त्याचं कानाचं मशीन काढून घेतलं होतं, त्यात बॅटरी असते म्हणून. मग सकाळच्या हजेरीला तो ओ कुठून देणार? ओ दिली नाही म्हणून शिक्षा, आणि शिक्षा काय, तर मुलीची भेट बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सांगायचं तरी कुणाला?

वकील करायची ऐपत नव्हती. पण तुरुंगाच्या वाचनालयात एक संगणक आला होता. कैद्याला आपला दावा आपणच लढता यावा म्हणून त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता मदत करायची. सगळं टाइप करून विचारायचं, त्यामुळे तिथे कानांचं काही अडत नव्हतं. सुताराने नेहमीसारखी सुरुवात केली, "मी पापी माणूस आहे, माफी असावी."

पडद्यावर उत्तर उमटलं. "गुन्ह्याची शिक्षा तुम्ही भोगताच आहात. हा अर्ज माफीचा नाही, हक्काचा आहे. काय झालं तेवढं सांगा."

ते वाचून सुतार जरा ताठ बसला. मशीन आणि भेटी परत मिळाव्यात, असा अर्ज कोर्टात गेला.

तुरुंगाचं उत्तर आलं, ते त्याने संगणकाला दाखवलं. संगणकाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "तुम्हाला नीट ऐकू येतं, असं तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहिलंय. का?"

सुतार ओशाळला. तपासताना डॉक्टरांचे ओठ हलले होते आणि त्याने मान डोलावली होती. कळो न कळो, मान डोलावली की कटकट टळते, हा आतला शिरस्ता.

"हेच कोर्टात सांगा," संगणकाने लिहिलं. "आणि तिथे कळलं नाही, तर मान डोलावू नका."

कोर्टात तुरुंगाच्या वकिलांनी डॉक्टरांचा कागद फडकावला. ते काय म्हणाले, देव जाणे. चेहऱ्यावरून तरी ढोंगी म्हणाले असावेत. मग न्यायाधीशबाईंनी तोंडासमोर फाईल धरूनच काहीतरी विचारलं असावं, ओठही दिसले नाहीत. सगळे सुताराकडे बघायला लागले. त्याची मान सवयीने खाली निघालीच होती. त्याने ती जागीच रोखली.

"बाई, तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांचंही कळलं नव्हतं. भीतीपोटी मान हलवली. आज नाही हलवणार. प्रश्न लिहून द्या."

चिठ्ठी आली. मुलीला भेटायचं आहे का?

पठ्ठ्या भर कोर्टात रडला. वकीलसाहेबांनी कागद गुपचूप फाईलमध्ये सरकवला. निकाल लागला: मशीन परत, शिक्षा रद्द, भेटी सुरू, आणि यापुढे दारावर कुणाच्याही कानाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी संगणकापुढे कैद्यांची ही भलीमोठी रांग लागली.

मुलगी आली. काचेपलीकडून फोन कानाला लावून हसायला लागली.

"बाबा, एवढं ओरडू नका. मला ऐकू येतं."

"मलाही," सुतार म्हणाला.