सिमेंटची पावलं

साहेब, तुम्ही जन्मात एकदा तरी पोर पायावर घेऊन बसला असतात, तर हा संडास असा बांधला नसता. भिंतीवर हत्ती काढलात, फुगे काढलात, हातभर अक्षरांत 'बालस्नेही' असं लिहिलंत. आणि आत भांडं बसवलंत ते साडेपाच फुटी गड्याच्या मापाचं. तीन वर्षांच्या पोराची टांग केवढी असते, हे सही करणाऱ्या हाताला ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं?

साक्षीची टांग एवढीशी. भांड्याच्या एका कडेला एक पाय ठेवला की दुसरा पलीकडे पोचायचाच नाही. त्या दिवशी तिनं कसाबसा ताणला आणि पायातली चप्पल घसरून थेट भोकात गेली. पोरीनं अंगणवाडी डोक्यावर घेतली.

"आजी, ते भोक मला गिळायलंय."

"गिळत न्हाई गं बाई," कोकिळाबाईनं तिला उचलून बाहेर आणलं. "त्याचं तोंडच तेवढं मोठं हाय, साहेब लोकावानी. चप्पल खाऊन गप बसंल आता."

कोकिळाबाई या अंगणवाडीची मदतनीस, सगळ्या पोरांची आजी. राणीसावरगावच्या अलीकडे, फाट्यावरून आत गेलं की ही वस्ती. सव्वीस वर्षं ती इथं खिचडी शिजवत होती, शेंबडं नाक पुसत होती आणि पोरं पायावर बसवत होती. संडासामागच्या दगडावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांत वीतभर फट ठेवायची, खाली राख पसरायची. पोर पावलांवर बसतं, पाठ नडग्यांना टेकवतं, आणि जगातल्या कुठल्याही राजापेक्षा निवांत असतं. वस्तीतले आता मिशा फुटलेले कितीतरी बाप्ये याच सिंहासनावरून उठून गेलेले.

साक्षीची आणखी एक तऱ्हा होती. बसली की वाकायची आणि कोकिळाबाईच्या उजव्या पायातलं जोडवं फिरवायची. नळाची तोटी फिरवावी तसं. जोडवं फिरलं की काम सुरू. जोडवं नाही तर काही नाही.

एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण दिवाळीचा पाडवा झाला की मुकादमाचा ट्रक येणार होता, आणि पाडव्याला राहिले होते बारा दिवस. साक्षीची आई राजेश्री आणि बाप परमेश्वर दरसाल ऊसतोडीला जात. मागच्या साली पोर सोबत नेलं, तर एका पहाटे ते ट्रॉलीच्या चाकाला टेकून झोपलेलं सापडलं. ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं म्हणून वाचलं. तेव्हापासून राजेश्रीला उसाचं पाचट वाजलं तरी धडकी भरायची.

यंदा पोरीला सख्ख्या आजीजवळ ठेवायचं ठरलं. आजी, म्हणजे नर्मदाबाई, अंगणवाडीला खेटून राहायची. संडासाचं दार तिच्या ओसरीसमोरच. पण तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, हातात काठी. तिनं साफ सांगितलं, "खाऊ घालते, न्हाऊ घालते, मांडीवर निजवते. पन मला वाकता येत न्हाई. पोरगी आपली आपन बसाया लागली तर ठिवा. न्हाई तर घेऊन जावा बाई, मला पाप नको."

राजेश्री कोकिळाबाईकडे आली. नर्मदाबाईची अट सांगितली.

"बारा दिस लय झाले," कोकिळाबाई म्हणाली. "जा तू, कोयते परजून घे."

म्हणाली खरी, पण कसं करायचं ते सुचेना; रात्री जेवताना तिनं घरी सगळं सांगितलं. तिचा नवरा सूर्यभान गवंडी. पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. त्यानं सगळं ऐकलं, ताट सारलं आणि म्हणाला, "तुजे पाय दे."

"आन मी काय करू? रांगू?"

"माप दे म्हन्लं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं घरी गेल्यावर त्यानं संडासात काम काढलं. भांड्याच्या दोन्ही कडांना विटेचे तुकडे लावून मधली फट वीतभर केली आणि त्यावर सिमेंट चढवलं. कोकिळाबाई समोर पाय पसरून बसली. तो एकदा तिच्या पावलाकडे बघे, एकदा थापी फिरवी. करंगळी वाकडी होती, ती वाकडी केली. टाचेच्या भेगा थापीच्या टोकानं ओढल्या. मागं टेकायला नडग्यांच्या जागी दोन ठोकळे उभे केले आणि त्यांना ओळंबासुद्धा लावला.

"चाळीस सालं झाली लग्नाला," ती म्हणाली, "अन पाय आज बघायलाव व्हय?"

"तवा तोंड बघण्यातच येळ गेला."

"आता?"

"आता पायच बरे हायत."

ती अशी हसली की पाय हलला आणि सूर्यभानाला अंगठा पुन्हा करावा लागला.

चार दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारलं. पाचव्या दिवशी कोकिळाबाईनं उन्हात तापलेली घागर त्या पावलांवर ओतली, सिमेंट गार लागू नये म्हणून, आणि साक्षीला आत नेलं. पोरगी बसली. मांड्या नीट बसल्या, पाठ टेकली. खाली बघितलं तर भोक दिसेना. पोरगी वाकली, सिमेंटच्या बोटांवरून हात फिरवला, परत फिरवला आणि उठून उभी राहिली.

"हे आजीचे पाय न्हाईत. जोडवं कुटंय?"

झालं. बाहेर येऊन दगडाकडे गेली आणि खऱ्या पायांची वाट बघत बसली. सात दिवस उरले होते.

कोकिळाबाई संध्याकाळी आपल्या घरच्या ओसरीवर साबणाचं पाणी घेऊन बसली आणि उजव्या पायातलं जोडवं ओढायला लागली. बोट फुगलेलं, जोडवं चाळीस सालांत रुतलेलं. नर्मदाबाईनं ते बघितलं आणि काठी आपटत आली.

"कोकिळे, येड लागलं का? जित्त्या नवऱ्याचं जोडवं काडतेस? त्याच्यावर काय आनतेस?"

कोकिळाबाईचा हात थांबला. भीती नाही म्हणावं तर खोटं होईल. आईनं, सासूनं, साऱ्या वस्तीनं तिच्या डोक्यात तेच घातलं होतं.

सूर्यभान आतून आला, खाली बसला आणि बायकोचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"नर्मदाबाई, मी हितं बसलोय का न्हाई?"

"बसलाव की."

"मंग झालं. माजा जीव छातीत हाय, हिच्या बोटात न्हाई. अन असलाच, तर लेकराच्या कामाला येऊ द्या."

त्यानं साबण लावून हळूहळू फिरवत जोडवं काढलं. सिमेंटचं बोट कानशीनं घासून बारीक केलं, त्यात जोडवं सरकवलं आणि ते निसटू नये म्हणून बोटाच्या टोकाला नवं सिमेंट लावलं. जोडवं गोल फिरत होतं. कुर्र, कुर्र.

तीन दिवसांनी साक्षी पुन्हा बसली. वाकली. जोडवं सापडलं. तिनं ते फिरवलं आणि दाराआड लपलेल्या कोकिळाबाई आणि राजेश्रीनं कान लावले. थोड्या वेळानं आतून हुकूम आला, "झालं. पानी आना."

राजेश्री हसता हसता रडली. नर्मदाबाईनं काठीनं पत्र्याचा डबा बडवला. वस्तीवरचं कुत्रंसुद्धा भुंकलं. पुढचे दिवस पोरीनं नुसता धुमाकूळ घातला. लागली नसली तरी जाऊन बसायची. बाकीची पोरं दाराशी रांग लावायची आणि "तुजं झालं का, तुजं झालं का" म्हणून एकमेकांना बेजार करायची. ट्रक आला तेव्हा साक्षी आईला टाटा करायला धड थांबली नाही. तिला लागली होती. राजेश्री ट्रकवरून ते बंद दार वळणापर्यंत बघत राहिली.

आणि मग महिन्याभरानं तुम्ही आलात. गाडीतून उतरलात, हत्तीचा फोटो काढलात, दार उघडलंत.

"हे काय आहे?"

"पाय हायत साहेब. माजे," कोकिळाबाई म्हणाली.

"मंजूर नमुन्यात असं काही नाही. फोडून टाका. पुढच्या भेटीत दिसायला नको."

इतक्यात साक्षी पळत आली. "ओ, सरका. मला लागली." तुम्ही सरकलात. तिनं तुमच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कुर्र, कुर्र ऐकू यायला लागलं.

कोकिळाबाई अनवाणी उभी होती. उजव्या पायाच्या बोटावर, जिथं चाळीस वर्षं ऊन लागलं नव्हतं, तिथं पांढरं वळं उमटलेलं.

"फोडते की साहेब. घन मीच आनते," ती म्हणाली. "पन आदी तुमचा नमुना काडा. त्याच्यात लेकरू कुटं बसतं, तेवढं बोट ठिवून दाखवा."

तुम्ही कागद उलटलात. परत उलटलात.

"बोला साहेब. कुटं बसतं?"