महाराजांच्या उपरण्याला झालेली बाधा

कुरुंद्यात हळद शिजवायचे दिवस होते. तरी दर गुरुवारी गावातल्या निम्म्या बाया हातातलं काम टाकून हरिचंद महाराजाच्या पत्र्याच्या शेडपुढे रांग लावून बसत. मांडीवर लेकरू घेतलेली बाळंतीण आणि शेजारी नारळ घेतलेली आजी, अशा जोड्याच जोड्या. महाराज फक्त बाळंतिणींचाच इलाज करायचा. बाकीच्या रोगांत म्हणे स्पर्धा फार वाढली होती.

चमत्कार मात्र देखणा होता. एक पिवळं फडकं बाळंतिणीवरून सात वेळा ओवाळायचं, पितळी गडव्यातलं नितळ तीर्थ त्यावर शिंपडायचं, की फडकं लालभडक!

"ही बघा रगत पिणारी बाहेरची! कशी वर आली!"

मग मंतरलेलं लिंबू पिळलं की फडकं पुन्हा पिवळं. "गेली सटवी वेशीबाहेर!" आयाबाया कानाला हात लावायच्या. वर महाराजाचं भाकीत असायचं, "चार दिवस लाल जाईल, मंग फिक्कट, मंग पिवळं-पांढरं. सव्वा महिन्यात समदं बंद. न्हाई झालं तर नाव बदलीन!" आणि बहुतेकींचं तसंच व्हायचं, त्यामुळे नाव बदलायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

केशरबाईचा महाराजावर गाढ विश्वास. तीस वर्षं हळदीत राबून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तिची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ होऊन आज चौदावा दिवस होता. ओसरत आलेलं रक्त कालपासून पुन्हा लालभडक जात होतं. तासाला कापडाची एक घडी भिजत होती, लिंबाएवढ्या गाठी पडत होत्या, घाण वास येत होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. एवढं सगळं दिसत असताना केशरबाईने तिला ऑटोत घातलं आणि थेट शेडमध्ये आणलं.

"माय, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली," पल्लवी पुटपुटली.

"जरा दम धर बाई, आपलाच नंबर हाय."

महाराजाने फडकं लाल करून दाखवलं आणि डोळे फिरवले. "लई चिवट हाय ही. जाता जाता थयथयाट करून राहिली. सोमवारपर्यंत पोरीला हलवू नका. सुई न्हाई, गोळी न्हाई. सुई टोचली की बाहेरची आतच अडकती!"

तेवढ्यात गावातली आशा कार्यकर्ती पुजा धापा टाकत आली. चौदाव्या दिवसाच्या भेटीला ती केशरबाईच्या घरी गेली होती, तिथे केशरबाईच्या नवऱ्याने, कोंडीबाने, मायलेकी शेडमध्ये असल्याचं सांगितलं. तिने पल्लवीची नाडी धरली, आडोशाला नेऊन घडी पाहिली, तिला आडवं केलं आणि ताबडतोब एकशेआठला फोन लावला.

"मावशी, गाडी येऊन राहिली. दवाखान्यात न्यायचं."

"महाराज नगं म्हणले. मी न्हाई पाठवत." केशरबाईने लेकीचं मनगट घट्ट पकडलं.

पुजा वाद घालत बसली नाही. तिने केशरबाईचा दुसरा हात पुढे ओढला, महाराजाचा गडवा उचलला आणि त्या पिवळ्या तळव्यावर तीर्थ ओतलं. तळवा लालभडक झाला.

"आता तुमच्यात कोण शिरलं, मावशी?"

केशरबाई हाताकडे बघतच राहिली. हा रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. हळदीच्या लुगड्याला साबण लावला की दर हंगामात धुण्याच्या दगडावरून हाच लाल ओघळ वाहायचा. घरी तिने तो तीस वर्षं धुतला होता आणि इथे येऊन त्यालाच नारळ फोडला होता.

"हळद व्हय ही?"

"हळदच. आन् तीर्थ म्हंजी चुन्याची निवळी. चुना लागला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी."

"तीर्थ बाटवलं!" म्हणत महाराज गडव्यावर झेपावला. त्या ओढाताणीत उरलेली निवळी त्याच्याच हळदीने रंगवलेल्या उपरण्यावर सांडली. छातीपासून बेंबीपर्यंत महाराज लाल झाला.

मग मागून म्हातारी शकुबाई काळजीच्या सुरात म्हणाली, "महाराज, तुमी कवा बाळंत झाले वो?"

"पोरगं का पोरगी?" दुसरीने विचारलं, आणि अख्खी शेड हसण्याने दणाणली. महाराज उपरणं काखेत मारून मागच्या दाराने निघून गेला.

"मंग आमचं रगत बंद झालं, ते कशानं?" एका बाळंतिणीने विचारलं.

"आपोआप," पुजा म्हणाली. "पिशवीला वार चिकटलेली असती, तिथं जखम राहती. ती भरून येईस्तोवर जातंच. आधी लाल, मंग फिक्कट, मंग पांढुरकं, चार-सहा हप्ते. दूध पाजताना जरा वाढतं, तेबी बराबर. पुढं काही महिन्यांनी पाळी परत येती, तिलाबी बाधा म्हणू नका. महाराजाच्या जागी इथं लाकडाचा खांब असता, तरी तुमचं बंदच झालं असतं. पण ओसरलेलं परत लाल वाढलं, तासाला घडी भिजली, मोठ्या गाठी, घाण वास, ताप, चक्कर, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच घटकेला दवाखाना."

गाडीचा भोंगा वाजला. केशरबाईने लेकीला उचलून घेतलं आणि रांगेतल्या बायांना ओरडून वाट करायला लावली.

दवाखान्यात कळलं, वारेचा एक बारीक तुकडा पिशवीत राहून गेला होता आणि त्यात पू धरला होता. पिशवी साफ केली, दोन बाटल्या रक्त चढवलं, इंजेक्शनं दिली. सहाव्या दिवशी पल्लवी घरी आली आणि लेकराला पाजत बसली. शेजारची पेमा बघायला आली आणि हात जोडून म्हणाली, "काही म्हणा केशरबाई, महाराजाची कृपा!"

केशरबाई ताडकन उठली. "कृपा? त्यानं सोमवार सांगितला व्हता. डॉक्टरीण म्हणली, ही शुक्रवारसुदिक बघती का न्हाई, सांगता आलं नसतं. पेमा, तुझी सून पुढच्या महिन्यात बाळंत होईल. तिची घडी रोज स्वतः बघ. काय वेगळं दिसलं तर पुजाला विचार, डॉक्टरणीला विचार. लाजू नको आन् थांबू नको. मी थांबले व्हते. मी माझ्या लेकीला मरायच्या रांगेत बसवलं व्हतं बाई, आन् वर तिला म्हणत व्हते, दम धर."