बॅटिंगचं कार्ड

बेसबॉलच्या सामन्याआधी दोन्ही संघांचे मॅनेजर अंपायरसमोर येऊन बॅटिंगच्या क्रमाची कार्डं एकमेकांना देतात. रॉइस टॅकेटने डेटनच्या क्लेम राडमाकरचं कार्ड घेतलं आणि हात पुढे न करताच परत फिरला. अकरा वर्षांपूर्वी याच डेटनच्या मैदानात, हाच म्हातारा मॅनेजर असताना, रॉइस अंघोळ करून बाहेर आला तर त्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात. "तुझे पाय गेले, घरी जा," एवढंच राडमाकर सगळ्यांदेखत म्हणाला होता. चौदा हंगाम खोऱ्याने धावा काढणाऱ्या माणसाला. रॉइस पुढे मॅनेजर झाला, नावही कमावलं, पण ती आग काही विझली नाही.

आज डेटन हरलं तर म्हाताऱ्याची नोकरी जाणार, हे गावभर झालं होतं.

दुसऱ्या डावात डेटनचा सातवा फलंदाज म्हणून कुबियाक आला. रॉइसने कार्ड पाहिलं. सातवा स्टोव्हल होता, कुबियाक आठवा. कार्ड राडमाकरच्या हातचं होतं. दुसऱ्या कुणाला तो ते लिहू देत नसे. अंपायरलाही चूक दिसली असणार, पण नियमाने त्याने तोंड उघडायचं नसतं. तक्रार समोरच्या मॅनेजरनेच करायची, तीही त्या फलंदाजाची पाळी झाल्यावर, पुढच्याला पहिला चेंडू पडायच्या आत; सामनाच संपला तर आपले खेळाडू मैदान सोडायच्या आत. कुबियाक झेल देऊन परतला. रॉइस गप्प राहिला.

चौथ्या डावात कुबियाकच्या फटक्यावर धाव आली, तेव्हा रॉइसचा मदतनीस इर्व्ह उठलाच. "बॉस, जा की. धाव रद्द होईल."

"बस खाली."

"अहो, एका धावेने मरू आपण."

"इर्व्ह, आज माझ्या वाटेत येऊ नकोस."

शेवटचा डाव. डेटन एका धावेने मागे, दोन बाद, एक माणूस पहिल्या बेसवर. पुन्हा कुबियाक. रॉइसने आपल्या खेळाडूंना बजावलं, "काहीही होऊ दे, मी सांगेपर्यंत मैदान सोडायचं नाही." तिसऱ्याच चेंडूला कुबियाकने होमरन मारला, चेंडू थेट कुंपणापलीकडे. दोन धावा, डेटन जिंकलं. लोक नाचू लागले. राडमाकर टोपी हलवत बाहेर आला, लहान पोरासारखा हसत. रॉइसने त्याला पोटभर हसू दिलं. मग सावकाश चालत जाऊन अंपायरच्या हातात कार्ड ठेवलं.

होमरन रद्द. पाळी चुकवली म्हणून स्टोव्हल बाद, म्हणजे डेटनचा तिसरा आणि शेवटचा गडी. सामना संपला.

राडमाकरने कार्ड मागून घेतलं. ते नाकाला टेकेपर्यंत जवळ नेलं, तिरकं केलं, पुन्हा उजेडाकडे धरलं. त्याला दिसत नव्हतं; कार्डावरची नावंही त्यामुळेच उलटसुलट झाली होती. किती दिवस लपवलं होतं कोण जाणे. आता सगळ्या मैदानाने पाहिलं.

"तुला आधीच कळलं होतं ना?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या डावात."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा तुम्हाला लागलं नसतं."

म्हातारा डगआउटकडे, खेळाडूंच्या बसायच्या खोलगट जागेकडे, वळला. पायरी त्याला सापडेना, तेव्हा कुबियाकनेच त्याचा दंड धरून त्याला खाली उतरवलं. रॉइस शेवटच्या पायरीपर्यंत बघत उभा राहिला. खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं.